नाताळ आणि ईश्वरेच्छेस समर्पण

ईश्वरेच्छेस समर्पण ही ख्रिस्ती अध्यात्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. आपल्या योजना, आवडीनिवडी आणि भीती यांपेक्षा परमेश्वराची इच्छा श्रेष्ठ मानून तिला जाणीवपूर्वक होकार देणे व त्या होकाराप्रमाणे आयुष्य घडविणे, असा तिचा अर्थ आहे. येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण म्हणजे नाताळ. या सणाशी समर्पणाचा विशेष संबंध मानला जातो, कारण जन्मकथेतील मरीया, योसेफ, जखऱ्या, शिमोन इत्यादी बहुतेक व्यक्तींपुढे आपली इच्छा सोडून दुसरी इच्छा स्वीकारण्याचा प्रसंग येतो. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकापासून मराठी भाषक ख्रिस्ती मंडळ्या आहेत. कवी नारायण वामन टिळक यांचा साताऱ्यातील 'देवाचा दरबार' आणि मिरजेचे मिशन रुग्णालय या दोन उदाहरणांमुळे या संकल्पनेच्या मराठी इतिहासात या परिसराला महत्त्वाचे स्थान आहे.

संज्ञा व अर्थ

'नाताळ' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचे मूळ जन्माशी संबंधित असलेल्या लॅटिन शब्दात आहे. मराठी ख्रिस्ती समाजात या सणास 'ख्रिस्तजयंती' असेही म्हणतात. समर्पण या अर्थी मराठी ख्रिस्ती लेखनात 'अर्पण', 'वाहून घेणे', 'शरण जाणे', 'देवाच्या इच्छेस मान तुकविणे' असे शब्दप्रयोग आढळतात. यांपैकी बहुतेक शब्द वारकरी व अन्य भक्तिसंप्रदायांच्या भाषेतही प्रचलित आहेत.

या संकल्पनेचे तीन घटक सांगता येतात. पहिला घटक विश्वासाचा होय. ज्याच्या इच्छेला होकार द्यावयाचा, तो परमेश्वर प्रेमळ आहे, अशी खात्री त्यात गृहीत असते. दुसरा घटक संमतीचा. ही संमती मनुष्याने आपणहून द्यावयाची असते, तिच्यावर बळजबरी संभवत नाही. तिसरा घटक कृतीचा. होकार दिल्यावर जे करणे प्राप्त होते ते करणे म्हणजे समर्पणाची पूर्तता. यांपैकी एखादा घटक गळाल्यास समर्पणाचे रूपांतर अनुक्रमे भीतीत, गुलामीत किंवा आळसात होते, असा इशारा ख्रिस्ती आचार्यांनी वेळोवेळी दिला आहे.

जन्मकथेतील समर्पण

येशूच्या जन्माचा वृत्तान्त नव्या करारातील मत्तय व लूक या दोन शुभवर्तमानांत येतो. मत्तयाचा वृत्तान्त योसेफाच्या बाजूने, तर लूकचा वृत्तान्त प्रामुख्याने मरीयेच्या बाजूने सांगितलेला आहे.

मरीया

लूकच्या पहिल्या अध्यायात नासरेथ गावी गब्रीएल हा देवदूत मरीयेकडे येतो आणि तिला पुत्र होईल असे सांगतो. या वेळी तिची योसेफाशी मागणी झालेली होती. तत्कालीन यहूदी समाजात मागणी हे कायदेशीर बंधन होते. मागणी झालेल्या स्त्रीच्या व्यभिचारास अनुवादाच्या पुस्तकात देहदंडाची शिक्षा सांगितलेली आहे. त्यामुळे देवदूताच्या निरोपात मरीयेच्या अब्रूलाच नव्हे, तर प्राणालाही धोका होता.

मरीयेचा होकार तत्काळ आलेला नाही. ती प्रथम घाबरते, मग निरोपाचा विचार करते, त्यानंतर हे कसे घडेल असा प्रश्न विचारते आणि उत्तर मिळाल्यावर स्वतःस प्रभूची दासी म्हणवून संमती देते. तिच्या संमतीचे मूळ ग्रीक क्रियापद इच्छार्थी रूपात आहे. 'आता काय इलाज' असा निरुपाय त्यात नसून 'असे घडावे' अशी मनःपूर्वक इच्छा आहे, याकडे अभ्यासक लक्ष वेधतात.

याच अध्यायात जखऱ्या या वृद्ध याजकाचा प्रसंग आहे. त्यालाही देवदूत पुत्रप्राप्तीचे वचन देतो. जखऱ्या मात्र त्यावर खात्रीची मागणी करतो आणि पुत्रजन्मापर्यंत मुका होतो. पुढे बालकाचे नाव ठेवण्याच्या वेळी, नातलगांचा विरोध असतानाही, तो पाटीवर 'योहान' हे सांगितलेले नाव लिहितो व त्याची वाचा परत येते. एकाच अध्यायात शेजारी ठेवलेल्या या दोन प्रसंगांवरून, समर्पण काहींना एका भेटीत साधते व काहींना नऊ महिन्यांच्या मौनानंतर, असे विवेचन उपदेशांतून केले जाते.

होकारानंतरही मरीयेला सर्व काही उमगले असे शुभवर्तमान म्हणत नाही. मेंढपाळांचे बोलणे तिने मनात साठवून ठेवले, तिच्या जिवातून तलवार जाईल असे भाकीत शिमोनाने केले, आणि बारा वर्षांच्या येशूचे मंदिरातील उत्तर तिला व योसेफाला समजले नाही, असे लूक नोंदवितो. न समजताही विश्वास टिकविणे हा समर्पणाचा कठीण भाग असून तो मरीयेच्या जीवनात कालवरीच्या क्रुसापर्यंत चालू राहिला, असे मानले जाते.

योसेफ

चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. मत्तयाने त्याचे वर्णन केवळ कृतींतून केले आहे. मरीया गर्भवती असल्याचे कळल्यावर तिची बेअब्रू न करता गुपचूप सोडचिठ्ठी देण्याचा विचार त्याने केला होता. तो विचार धार्मिक व दयाळू माणसाचाच होता. परंतु स्वप्नात मिळालेल्या आज्ञेनुसार त्याने तो बदलला. यानंतर मिसर देशात पळून जाणे, तेथून परतणे आणि यहूदीयाऐवजी गालीलात वस्ती करणे हे तीन निर्णयही त्याने स्वप्नांतील सूचनांवरून घेतले. स्वतःच्या चांगल्या योजनेचाही त्याग करावा लागतो, हे योसेफाच्या कथेचे वैशिष्ट्य मानले जाते. वाईट गोष्ट सोडणे हा पश्चात्ताप, तर चांगली गोष्ट सोडून अधिक चांगली स्वीकारणे हे समर्पण, असा भेद त्याच्या आधारे केला जातो.

शिमोन व हन्ना

बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेले असता शिमोन हा वृद्ध त्यास हातांत घेतो आणि आता आपण शांतीने जाण्यास मोकळे झालो, अशा आशयाचे स्तोत्र म्हणतो. चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना हीदेखील तेथे येते. या दोघांचे समर्पण दीर्घ प्रतीक्षेच्या रूपातले आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात, कर्तृत्वाचे दिवस मागे पडल्यावर, वाट पाहणे हीच सेवा कशी ठरते, याचे उदाहरण म्हणून ही दोन पात्रे सांगितली जातात.

ख्रिस्ताचे समर्पण

ख्रिस्ती सिद्धान्तानुसार नाताळमधील सर्वांत मोठे समर्पण खुद्द ख्रिस्ताचे आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःस रिक्त केले व दासाचे रूप घेतले, असे प्रतिपादन आहे. गोठ्यातील गव्हाणी हे या रिक्त होण्याचे चिन्ह मानले जाते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात ४०व्या स्तोत्राचा आधार घेऊन, ख्रिस्त जगात येताना पित्याची इच्छा पूर्ण करण्यासाठी आला, असे म्हटले आहे.

या धाग्याचे दुसरे टोक गेथशेमाने बागेत सापडते. तेथे येशू दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती करतो आणि तरीही पित्याची इच्छा पूर्ण व्हावी असे म्हणतो. मत्तयाच्या ग्रीक पाठात या प्रार्थनेचे शब्द आणि येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतील ईश्वरेच्छेविषयीच्या मागणीचे शब्द तंतोतंत एकच आहेत. म्हणजे जी मागणी प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती रोज करते, तीच ख्रिस्ताने स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री केली.

ख्रिस्ती परंपरेतील विचार

बाराव्या शतकातील फ्रेंच मठाधिपती क्लेअरवोचे संत बर्नार्ड (१०९०–११५३) यांनी मरीयेच्या संमतीवर प्रसिद्ध प्रवचने दिली. आदामापासूनचे सारे जग मरीयेच्या उत्तराची वाट पाहत उभे आहे, अशी कल्पना त्यांनी त्यांत केली आहे. देव मानवाच्या होकाराची वाट पाहतो, हा त्या कल्पनेचा गाभा होय. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२१ मध्ये मरीयेच्या स्तोत्रावर भाष्य लिहिले. मरीयेची थोरवी तिच्या गुणांत नसून देवाने तिच्याकडे पाहिले यात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा रीतीने कॅथलिक परंपरेने संमतीवर, तर प्रोटेस्टंट परंपरेने कृपेवर भर दिला, तरी दोन्ही परंपरांना मरीया आदर्श वाटते.

अठराव्या शतकातील इटालियन धर्मगुरू संत अल्फॉन्सस लिगोरी (१६९६–१७८७) यांनी ईश्वरेच्छेशी एकरूप होण्याविषयी छोटा ग्रंथ लिहिला. इटलीतील अत्यंत लोकप्रिय नाताळगीताचे रचनाकारही तेच होत. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली. वर्षाच्या आरंभी होणाऱ्या या उपासनेत भक्त स्वतःस पुन्हा देवाच्या स्वाधीन करतात. मेथडिस्ट मंडळ्यांत ती आजही चालते.

समर्पणाचा अतिरेकही चर्चने नाकारला आहे. मनुष्याने संपूर्ण निष्क्रिय व्हावे, प्रलोभनाचा प्रतिकारही करू नये, अशा टोकाला गेलेल्या मिगेल दे मोलिनोस यांच्या शिकवणुकीचा पोप अकरावे इनोसंट यांनी १६८७ मध्ये निषेध केला.

विसाव्या शतकात जर्मन पाळक व धर्मशास्त्रज्ञ डीट्रिक बॉनहोफर यांनी नाझी राजवटीस विरोध केला. १९४३ चा नाताळ त्यांनी बर्लिनच्या टेगेल तुरुंगात काढला, १९४४ च्या डिसेंबरात कैदेतूनच आपल्या नियोजित वधूला नववर्षाची कविता पाठविली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. त्यांच्या तुरुंगातील पत्रांचा मरणोत्तर संग्रह १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ 'प्रतिकार आणि समर्पण' असा आहे. ज्या गोष्टी बदलल्या पाहिजेत त्यांचा प्रतिकार आणि जे टाळता येत नाही त्याचा देवावर विसंबून स्वीकार, या दोहोंची सीमारेषा प्रत्येक प्रसंगी नव्याने शोधावी लागते, हा त्यांच्या जीवनाचा धडा मानला जातो.

मराठीतील मांडणी

जन्मकथेची मराठीतील पहिली मोठी काव्यमय मांडणी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराण' या ग्रंथात आढळते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेजुइट धर्मगुरूंचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्ताचे चरित्र आहे. पुराणकथनाची परिचित शैली योजल्यामुळे मरीयेचा होकार व बेथलेहेमचा गोठा मराठी श्रोत्यांना आपल्या घरच्या भाषेत ऐकावयास मिळाला.

एकोणिसाव्या शतकात श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी व पुढे बायबल सोसायटीने मराठी बायबलची भाषांतरे प्रसिद्ध केली. पंडिता रमाबाई यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही त्यांनी अनुवादाचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

सातारा व सांगली परिसर

पार्श्वभूमी

सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा होऊन ब्रिटिश अमलाखाली आले, तर सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने स्वातंत्र्यापर्यंत टिकली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा करण्यात आला. १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. राजकीय विभागणीप्रमाणेच मिशनकार्याचीही विभागणी होती. सातारा, वाई या भागांत अमेरिकन मराठी मिशन, तर सांगली, मिरज व कोल्हापूर या भागांत अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशन काम करीत असे. दोन्ही मिशनांच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी अर्थात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. कॅथलिक चर्चच्या व्यवस्थेत हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती सुमारे १ टक्का आहेत. या दोन जिल्ह्यांतील मंडळ्या बहुतांशी लहान असून त्यांच्या उपासनेची भाषा मुख्यतः मराठी आहे.

देवाचा दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे घर, नातलग व समाज यांना त्यांना मुकावे लागले. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन, पाळकी आणि 'ज्ञानोदय' नियतकालिकाचे मराठी संपादन अशी कामे केली. तुकारामांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुसंघ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे येशूचे दोन्ही प्रकारचे अनुयायी त्यात एकत्र यावेत, त्यास परदेशी द्रव्याचा आधार नसावा आणि त्याचे स्वरूप भारतीय असावे, ही त्यामागील कल्पना होती. निश्चित उत्पन्न सोडून संन्यस्त वृत्तीने जगण्याचा हा निर्णय ईश्वरी प्रेरणेस दिलेला प्रतिसाद आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. मात्र या कार्यास दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्यानंतर दरबार फार काळ टिकला नाही.

समर्पणाच्या संदर्भात या प्रयोगाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. व्यावहारिक यशाच्या मापाने तो अपुरा राहिला. परंतु समर्पणाचे फळ समर्पण करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत दिसेलच, असे आश्वासन जन्मकथाही देत नाही. मंदिरात बाळाला हातांत घेणाऱ्या शिमोनाला त्या बाळाचे पुढील कार्य पाहावयास मिळाले असे शुभवर्तमान सांगत नाही.

लक्ष्मीबाई टिळक

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचा प्रवास वेगळ्या मार्गाने झाला. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी लगेच धर्मांतर केले नाही. सोवळ्याओवळ्याच्या व जातिभेदाच्या कल्पना हळूहळू गळून पडल्यावर, स्वतःच्या विचाराने, त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हा सारा इतिहास त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात विनोद व स्पष्टवक्तेपणा यांसह लिहिला आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांत अग्रगण्य मानला जातो. पतीच्या ईश्वरनिष्ठेला मान देऊनही त्यांनी आपला होकार उसना घेतला नाही, हे त्यांच्या जीवनातील महत्त्वाचे सूत्र आहे. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य अपुरे राहिले होते. औपचारिक शिक्षण नसतानाही लक्ष्मीबाईंनी त्याचे उर्वरित बहुतेक अध्याय रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ मध्ये प्रकाशित झाले.

मिरजेचे रुग्णालय

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस हे १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. मिरज येथे त्यांनी उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि पुढे शस्त्रक्रियेसाठी दूरवर प्रसिद्ध पावले. सांगली–मिरज मार्गावरील वॉनलेसवाडी हे नाव त्यांच्या स्मरणार्थ आहे. १९२८ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारकडून 'सर' हा किताब मिळाला.

रुग्णालय हे समर्पणाच्या कल्पनेची कसोटी पाहणारे ठिकाण होय. आजार ही देवाची इच्छा असेल तर उपचार कशाला, हा प्रश्न तेथे स्वाभाविकपणे उद्भवतो. मिशन रुग्णालयांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करणे आणि प्रार्थनेनंतर शस्त्रक्रिया करणे, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदल्या. रोग बरा करणे ही देवाची इच्छा आहे असे मानून प्रयत्न करावा आणि प्रयत्नांची सीमा संपल्यावर रुग्णास व स्वतःस देवाच्या हाती सोपवावे, हा क्रम त्यात दिसतो.

उपासना व कौटुंबिक आचार

नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ हा आगमनकाळ म्हणून पाळला जातो. कॅथलिक व काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्या लावतात. हा काळ सणाच्या तयारीइतकाच आत्मपरीक्षणाचा असतो. कॅथलिक परंपरेत मरीयेच्या होकाराचे स्मरण करणारी देवदूताची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याची प्रथा आहे. त्याच घटनेचा स्वतंत्र सण नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, २५ मार्च रोजी, येतो.

डिसेंबरात मंडळीतील तरुण व वडीलधारी माणसे गायनाची फेरी घेऊन घरोघरी जातात. प्रत्येक घरी गीते, शास्त्रवाचन व प्रार्थना होते. ज्या घरात वर्षभरात कोणाचा मृत्यू झाला असेल, आजारपण असेल किंवा पीक बुडाले असेल, तेथे प्रार्थनेचा आशय बदलतो. दुःखी कुटुंबे अनेकदा रोषणाई व फराळ टाळून सण साधेपणाने पाळतात, तरी उपासनेस येणे सोडत नाहीत. आनंद असो वा नसो, ख्रिस्तजन्माचे सत्य आपल्या मनःस्थितीवर अवलंबून नाही, ही भावना त्यामागे असते.

२५ डिसेंबरच्या उपासनेनंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबर रोजी, हेरोद राजाने मारविलेल्या बेथलेहेमच्या निरपराध बालकांचे स्मरण येते. ३१ डिसेंबरच्या रात्री मराठी मंडळ्यांत जागरणाची उपासना होते. सरलेल्या वर्षाबद्दल आभार, चुकांबद्दल क्षमायाचना आणि नव्या वर्षाचे समर्पण असा तिचा क्रम असतो. नोकरी, विवाह, शिक्षण, आजार यांविषयीचे कुटुंबातील निर्णय या रात्री प्रार्थनेत मांडले जातात. नाताळमध्ये ऐकलेल्या कथेचा आपल्या घराशी संबंध जोडण्याचा हा प्रसंग म्हणता येईल.

भक्तिपरंपरेतील शरणागतीशी तुलना

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस शरणागतीचा उपदेश आहे. वारकरी संतांच्या अभंगांत आणि सातारा परिसरातील सज्जनगडाशी निगडित असलेल्या समर्थ रामदासांच्या वाङ्मयातही ईश्वरावर भार टाकण्याची शिकवण वारंवार येते. रामदासांनी तिला प्रयत्नवादाची जोड दिली.

दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीविषयी दोन मते आहेत. माकडिणीचे पिल्लू आईला स्वतः बिलगून राहते, तर मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते. त्यांवरून या मतांना मर्कटन्याय व मार्जारन्याय म्हणतात. पहिल्यात भक्ताच्या प्रयत्नास स्थान आहे, दुसऱ्यात सर्व काही ईश्वराच्या कृपेवर सोपविलेले आहे. कृपा आणि मानवी संमती यांच्या संबंधाविषयी ख्रिस्ती परंपरेतही असाच वाद झाला आहे. जर्मन अभ्यासक रूडॉल्फ ऑटो यांनी भारतीय कृपामार्ग व ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा ग्रंथ १९३० मध्ये लिहिला.

साम्याबरोबर भेदही आहेत. कर्मसिद्धान्तात वाट्याला आलेले दुःख पूर्वकर्माशी जोडले जाते. ख्रिस्ती मतात प्रत्येक दुःखाचा संबंध त्या व्यक्तीच्या पापाशी जोडता येत नाही. शिवाय ख्रिस्ती समर्पण हे देव मनुष्य झाला या एका ऐतिहासिक मानलेल्या घटनेस दिलेला प्रतिसाद आहे. आधी देवाने स्वतःस दिले, मग मनुष्याने द्यावे, असा हा क्रम असल्यामुळेच त्याचे केंद्र नाताळ हे आहे.

गैरसमज व टीका

समर्पण व दैववाद

जे घडते ते सर्व देवानेच घडविले, असा अर्थ घेतल्यास समर्पण व दैववाद यांत फरक उरत नाही. धर्मशास्त्रात म्हणून देवाला अभिप्रेत असलेली गोष्ट आणि मानवी स्वातंत्र्यामुळे त्याने घडू दिलेली गोष्ट असा भेद केला जातो. बेथलेहेमच्या बालकांची हत्या ही हेरोदाची करणी होती. ती ईश्वरेच्छा म्हणून स्वीकारण्यास योसेफाला सांगितलेले नाही, तर बाळाला घेऊन रातोरात निघून जाण्यास सांगितले आहे. पलायन हीदेखील आज्ञापालनाची एक रीत असू शकते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

समर्पण व अन्याय

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेला आहे. त्यामुळे ही शिकवण दडपलेल्या लोकांना गप्प बसविण्यासाठी वापरली जाते काय, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपण साताऱ्यात गेले व ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते तेथील शासकीय शाळेत दाखल झाले. धर्मांतरित ख्रिस्ती समाजाविषयीच्या मरणोत्तर प्रकाशित लेखनात त्यांनी या शिकवणुकीवर मर्मभेदी टीका केली. मनुष्याच्या अवनतीचे कारण अन्यायी समाजरचनेत न शोधता त्याच्याच पापात शोधावयास शिकविल्याने धर्मांतरितांची प्रतिकाराची प्रेरणा मंदावते, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

या टीकेच्या संदर्भात मरीयेच्या स्तोत्राकडे लक्ष वेधले जाते. होकार दिल्यानंतर ती अलीशिबेच्या घरी जे स्तोत्र गाते, त्यात सत्ताधीशांना आसनांवरून उतरविणाऱ्या, दीनांना उंचावणाऱ्या आणि भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या देवाचे वर्णन आहे. स्वतःस दासी म्हणविणारी स्त्रीच हे गाते, यावरून ती केवळ देवाची दासी आहे, कोणा माणसाची नव्हे, असा अर्थ मुक्तिवादी व दलित धर्मशास्त्रज्ञ काढतात. घरात होणारी मारहाण, जातीय अपमान किंवा शोषण सहन करणे यास समर्पण म्हणणे या दृष्टीने चुकीचे ठरते. दुसऱ्याने लादलेले दुःख ईश्वरेच्छा म्हणून गळी उतरविणारा उपदेशक देवाच्या नावाने माणसाचीच इच्छा चालवितो.

समर्पण व प्रार्थना

ईश्वरेच्छा मान्य केल्यावर काही मागू नये, असाही एक समज आढळतो. गेथशेमानेतील प्रार्थनेत मात्र मागणी आणि समर्पण एकाच वाक्यात आहेत. मरीयेनेही प्रश्न विचारला आणि मग होकार दिला. म्हणून शंका, अश्रू व विनवणी यांना समर्पणात जागा आहे, असे सर्वसाधारण ख्रिस्ती मत आहे. शोकग्रस्त माणसाला 'देवाची इच्छा' असे घाईने सांगण्यापेक्षा त्याच्याजवळ बसणे अधिक उचित, असा सल्ला पाळकांना दिला जातो. ते शब्द उच्चारण्याचा अधिकार, आणि त्यासाठी लागेल तितका वेळ, दुःख भोगणाऱ्याचा आहे.

हे सुद्धा पहा

नाताळ
मरीया
क्रिस्तपुराण
नारायण वामन टिळक
लक्ष्मीबाई टिळक
पंडिता रमाबाई
मिरज
शरणागती